पाहुण्याच्या हातातला चेहरा

दिवाळीला घरी पाहुणा यावा, ही आपली जुनी हौस आहे. पाहुणा आला म्हणजे चार दिवस घर त्याच्या सोयीने चालते, आणि तो गेला म्हणजे पुन्हा आपल्या वळणावर येते. पण कधी कधी असेही होते की, घरचा कर्ता माणूसच उठून दुसऱ्या गावी जातो आणि पाहुण्याला ते घर चालवावे लागते. चूल तीच, ताटे तीच, जेवणारी माणसे तीच. हात मात्र दुसरा. घरातल्या मुलाला हा फरक पहिल्या घासातच कळतो. आज मी ज्या घराविषयी लिहिणार आहे ते विटामातीचे नाही. ती एक युद्धाची चित्रकथा आहे, आणि तिच्या मूळ चित्रकाराच्या जागी दुसरा चित्रकार आला तेव्हा काय झाले, हा आजचा विषय आहे.

दिवाळी अंकात टीकालेख, आणि तोही मुलांच्या कॉमिकवर, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना मी एवढेच विचारीन की, आपण कादंबरीची चिकित्सा करतो, नाटकाची करतो, पण आपली मुले जे चित्र दहा दहा वेळा उघडून पाहतात त्याची चौकशी आपण कधी केली आहे काय? माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. चार कादंबऱ्या लिहिल्या त्या पाहिलेल्या माणसांच्या आधारावर, आणि एका लहानशा खाजगी शाळेत शिकवते ते मुलांच्या संगतीची सवय झाली म्हणून. चित्रकलेची परिभाषा मला येत नाही. पण चेहरे पाहण्याची सवय मला या गावाने लावली.

मी कामठीची. कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली येथे छावणी वसवली आणि तेव्हापासून गावाचा एक डोळा छावणीकडे लागलेला असतो. आज येथे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. नवे जवान येतात, शिकून तयार होतात, निघून जातात. छावणीच्या गावात 'बदली' हा शब्द मुलांना मुळाक्षरांच्या आधी कळतो. शेजारच्या बाकावरची मैत्रीण जूनमध्ये असते, पुढच्या जूनमध्ये नसते. तिच्या जागी दुसरी कोणी येते, आणि तिला त्याच बाकावर बसवून पाहण्याचा प्रयत्न आपण सगळ्या करतो.

माझ्या लहानपणी एका साहेबाच्या कुटुंबाची अशीच बदली झाली आणि त्यांच्या घरातली रद्दी दुकानात आली. माझ्या भावाने त्यातून इंग्रजी साप्ताहिकांचा एक गठ्ठा किलोच्या भावाने उचलून आणला. 'बॅटल' असे त्या साप्ताहिकाचे नाव. लंडनमध्ये ते १९७५ साली सुरू झाले होते. स्वस्त कागद, काळी-पांढरी चित्रे, आणि पानोपानी लढाई. आम्हा दोघांनाही इंग्रजी फारसे येत नव्हते. भाऊ विमाने पाहत असे, मी माणसे पाहत असे. शब्द कळत नसल्यामुळे सगळा भरवसा चित्रावर होता, आणि म्हणूनच चित्र बदलले तेव्हा आमची फार मोठी फसवणूक झाल्यासारखे वाटले.

त्या गठ्ठ्यात आमची आवडती मालिका होती 'जॉनी रेड'. १९७७च्या जानेवारीत ती सुरू झाली. लेखक टॉम टली, चित्रकार जो कहून. या आडनावाचे स्पेलिंग लांबलचक आहे, त्यात न उच्चारायची अक्षरेच जास्त. उच्चार मात्र 'कहून' असा होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कळले तेव्हा हसू आले. आमच्या नागपुरी बोलीत 'काहून' म्हणजे 'का'. युद्धाची चित्रे काढणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगले नाव कोणते मिळणार!

कथा अशी : लिव्हरपूलचा जॉनी रेडबर्न हा तरुण वरिष्ठावर हात उगारल्यामुळे इंग्रजी हवाई दलातून बाहेर काढला जातो आणि मालवाहू जहाजावर नोकरी धरतो. दुसरे महायुद्ध चालू आहे. जहाजांचा तांडा रशियाकडे निघाला असता जर्मन विमाने हल्ला करतात, आणि जॉनी जहाजावरचे हरिकेन विमान घेऊन आकाशात झेप घेतो. परत उतरायला जागा नाही, म्हणून तो रशियाच्या किनाऱ्यावर उतरतो आणि 'फाल्कन' नावाच्या फाटक्यातुटक्या रशियन तुकडीत सामील होतो. तेथे त्याला भाषा येत नाही. मलाही येत नव्हती, त्यामुळे जॉनी मला जवळचा वाटे. पुढे या कथेत नीना पेत्रोवा नावाची स्त्री-वैमानिक येते. विमान चालवणारी आणि लढणारी बाई मी पहिल्यांदा तेथे पाहिली. ती लेखकाची निव्वळ कल्पना नव्हती. सोव्हिएत रशियाने १९४१ साली स्त्रियांची तीन हवाई पथके खरोखरच उभी केली होती.

गठ्ठा उलटत आम्ही १९७९च्या अंकांपर्यंत आलो आणि एके दिवशी भाऊ एकदम म्हणाला, "हा तो नाही." नाव जॉनी, विमान हरिकेन, तुकडी फाल्कन, पण माणूस दुसराच. जबडा रुंद झाला होता. डोळ्यांतली ती थोडी भेदरलेली चमक गेली होती. आणि गंमत अशी की, त्याच साप्ताहिकाची पुढची पाने उलटली तर जुन्या जॉनीची रेघ तेथे सापडली. बारीक, खरवडल्यासारखी, चिखलाचा कण न् कण मोजणारी ती रेघ आता पहिल्या महायुद्धातल्या खंदकात शिरली होती. मालिकेचे नाव 'चार्लीज वॉर', नायक चार्ली बोर्न. इंग्रजी साप्ताहिकांत त्या काळी चित्रकाराचे नाव छापण्याची रीत फारशी नव्हती, तरी आम्हाला शंका राहिली नाही. भावाने छावणीच्या भाषेत निकाल दिला : "जॉनीच्या माणसाची बदली झाली."

निकाल बरोबर होता. १९७९च्या जानेवारीत पॅट मिल्स या लेखकाने 'चार्लीज वॉर' सुरू केली आणि चित्रांसाठी कहूनला तिकडे घेतले गेले. दर आठवड्याला तीन-चार पाने एका मालिकेची काढायची, तीही अशी बारीक कलाकुसरीची. एका माणसाच्याने दोन मालिका होणे नाही. म्हणून जॉनीच्या घरात जॉन कूपर हा चित्रकार आला. आला तो पाहुणा म्हणून आमच्या डोळ्यांना, पण कित्येक वर्षे राहिला. त्याच्याही नंतर कार्लोस पिनो आला. लेखक मात्र तोच होता. आमच्यासारख्या वाचकांनी मग करायचे काय? नव्या माणसाला जुन्याच्या मापाने मोजायचे, की त्याला त्याचे स्वतःचे ताट द्यायचे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले तेव्हा किर्लोस्कर मंडळीची शकुंतला आणि सुभद्रा आता संपली, असे कितीतरी रसिकांना वाटले असेल. १९०५ साली बालगंधर्व त्या मंडळीत आले, आणि पुढच्या पिढीला शकुंतला म्हटली की त्यांचेच रूप आठवू लागले. पण नाटकात एक सोय असते. शकुंतला ही कोणा एका नटाची नसते. नट बदलला तरी ती कालिदासाच्या घरी सुखरूप असते. चित्रकथेतला नायक असा वेगळा कोठे राहतो? तो त्या रेघेतच जन्मला. रेघ गेली की त्याचे राहते ते नाव.

आपल्याकडच्या चित्रकथांतही हात बदललेले आहेत. 'टिंकल'मधला सुप्पंडी राम वाईरकरांनी घडवला. २००३ साली ते गेले आणि त्यांची कन्या अर्चना आंबेरकर सुप्पंडी काढू लागल्या. तेथे वारसदाराचे काम कडक असते, कारण विनोद त्या डोक्याच्या घडणीवर आणि त्या बावळट डोळ्यांवर उभा आहे. तो आकार हलला की हसू गेले. अमर चित्रकथेचे पाहा. अनंत पै यांनी १९६७ साली ही माला आरंभली, तिच्यातला 'कृष्ण' वाईरकरांचा. पुढे १९८५ ते १९८९ या काळात 'महाभारत' ४२ भागांत निघाले, ते दिलीप कदमांच्या हाताने. आपल्या भाषेच्या माणसाने काढलेली एवढी लांब युद्धकथा मला दुसरी माहीत नाही. त्यांच्यापुढेही अडचण होतीच. मुलांच्या मनात वाईरकरांचा कृष्ण आधीच घर करून बसला होता. तरी एकाही मुलाने "हा तो नाही" अशी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही. निळा रंग आहे, मुकुटात मोरपीस आहे. मग नाक थोडे इकडेतिकडे झाले तर कृष्ण हरवत नाही. भीमाला गदा आहे, अर्जुनाला धनुष्य आहे, भीष्मांना पांढरी दाढी आहे. पुराणातल्या योद्ध्याची ओळख त्याच्या अंगावर असते. शतकानुशतके ती सगळ्यांच्या मालकीची झालेली असते आणि नव्या चित्रकाराने ती फक्त उचलून घ्यायची असते.

आता आधुनिक शिपायाकडे वळा. त्याला मोरपीस नाही आणि नाव कोरलेले धनुष्य नाही. त्याला गणवेश आहे, आणि गणवेश शिवलेलाच असतो तो हजार माणसे एकसारखी दिसावीत म्हणून. डोक्यावर लोखंडी टोप आला की केसही झाकले जातात. वैमानिकाच्या तोंडावर मुखवटा आणि डोळ्यांवर चष्मा चढला की उरते काय? दोन भुवया आणि नाकाचा शेंडा. सरकारने सगळे काढून घेतल्यावर शिपायाच्या जवळ खाजगी मालमत्ता म्हणून एक चेहरा तेवढा राहतो. म्हणून युद्धकथेत दुसऱ्याच्या जागी येणाऱ्या चित्रकाराची जबाबदारी मला फार मोठी वाटते. विमान चुकले तर छांदिष्ट मुले पत्र लिहून कळवतात. चेहरा चुकला तर शिपाई हरवतो, आणि त्याची दाद कोणी मागत नाही.

या मापाने मी पुष्कळ वर्षे कूपरला दोष देत आले. त्याचे गुण मला दिसत नव्हते असे नाही. त्याची रेघ जाड, काळी आणि धावती आहे. त्याचे विमान चौकटीत मावत नाही. पंख बाहेर काढून ते शेजारच्या चित्रात घुसते. कहूनच्या आकाशात थंडी आहे, कूपरच्या आकाशात वारा आहे. भावाला तर थोड्याच दिवसांत नवा माणूस अधिक आवडू लागला, आणि विमानांच्या लढाईपुरते त्याचे म्हणणे मला आजही पटते. पण कहूनच्या फाल्कन तुकडीत मागच्या रांगेत उभा असलेला, कथेत एक शब्दही न बोलणारा रशियनसुद्धा कोणाचा तरी मुलगा वाटे. कोणाच्या दाढीचे खुंट वाढलेले, कोणाचा दात पडलेला, कोणी उगीच दुसरीकडे पाहत असलेला. कूपरच्या वेगात ती मागची रांग पुसट झाली. मरणारा माणूस आता मरण्यापुरता येऊ लागला. हा दोष एकट्या त्याचा आहे असे मी म्हणणार नाही. आठवड्याच्या मुदतीने काम करणारा माणूस कोठेतरी काटकसर करणारच. परंतु काटकसर कशात करतो यावरून कलावंताचा कल कळतो.

इकडे कहून चार्लीच्या घरात काय करत होता तेही पाहिले पाहिजे. चार्ली सोळा वर्षांचा, वय खोटे सांगून भरती झालेला, जरा मठ्ठ आणि फार भला. तो घरी पत्रे लिहितो ती स्पेलिंगच्या चुकांनी भरलेली. शिक्षिका म्हणून ती पत्रे मी लाल शाईने भरून टाकली असती. वाचक म्हणून त्यांतली एकही चूक मला सुधारावीशी वाटत नाही. हा मुलगा १९१६च्या सोमच्या लढाईत उतरतो. त्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलैला, इंग्रजांची सत्तावन्न हजारांवर माणसे जायबंदी झाली किंवा पडली. त्यांतली एकोणीस हजारांवर मेली. अशा आकड्यांपुढे मन बधिर होते. म्हणून कहून आकडा बाजूला ठेवतो आणि चार्लीचा मित्र जिंजर दाखवतो. एका चुकार तोफगोळ्याने जिंजर मरतो आणि चार्ली त्याचे जे उरले ते पोत्यात गोळा करतो. पुढे एका लेफ्टनंटला भ्याडपणाच्या आरोपावरून गोळ्या घालायच्या असतात आणि चार्ली बंदूक चालवायला नकार देतो. या प्रसंगाप्रसंगातून चार्लीचा चेहरा बदलत जातो. पहिल्या पानावरचे गोल गाल आत जातात, डोळ्यांखाली खड्डे पडतात. चित्रकार एकच आहे, तरी चेहरा तोच राहिलेला नाही, आणि वाचकाच्या तोंडून एकदाही "हा तो नाही" असे निघत नाही. आपण त्याच्याबरोबर म्हातारे होत जातो.

या मालिकेच्या शेवटी नियतीने उलटा खेळ केला. पॅट मिल्सने चार्लीला १९३३ साली बेकारांच्या रांगेत आणून उभे केले, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला त्या दिवशी, आणि १९८५ साली तो स्वतः बाजूला झाला. अभ्यासासाठी लागणाऱ्या खर्चावरून त्याचे आणि प्रकाशकांचे जमले नव्हते. त्याच्या जागी स्कॉट गुडॉल हा लेखक आला आणि प्रौढ चार्लीला दुसऱ्या महायुद्धात घेऊन गेला. जॉनीच्या घरात हात बदलला होता आणि गोष्ट सांगणारा तोच होता. येथे गोष्ट सांगणारा बदलला आणि हात तोच राहिला. रेघ शेवटपर्यंत प्रामाणिक आहे, पण तो जुना संताप ओसरला आहे, असे ही पाने पाहताना वाटते. १९८६ साली नवी पाने थांबली आणि १९८७ साली कहून वारला. तेव्हा केवळ जुना हात टिकला म्हणजे घर टिकते, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. प्रश्न विचारण्याची इच्छा दोघांनाही असावी लागते.

माझे मत येथवर पक्के झाले होते आणि मी ते असेच लिहूनही काढले असते. पण मध्यंतरी शाळेत एक प्रसंग घडला, त्याने माझ्या मताला धक्का दिला.

शनिवारी शेवटचा तास अवांतर वाचनाचा असतो. त्या तासाला मी घरचा तो जुना गठ्ठा नेला आणि कहूनचा जॉनी व कूपरचा जॉनी शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारले, "यांतला खरा कोण?" मुलांचे कौल पटापट पडले. बहुतेकांनी कूपरच्या विमानांना मत दिले. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. वडील फौजेत, उत्तरेकडे कोठेतरी डोंगरात नेमणूक. मी त्याला मुद्दाम विचारले. तो उभा राहून म्हणाला, "दोन्ही खरेच आहे जी, मॅडम. माझे बाबा वरून आले ना, तेव्हा असेच येगळे दिसत होते. म्या तं ओळखलंच नाही."

"मग ओळखलंस केव्हा?"

"मायनं चहा देल्ला. त्यायनं बशीत वतला अन् दोनदा फुकला. मंग ओळखलं."

वर्गातली मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे मी चेहऱ्याचा हट्ट धरून बसले होते, आणि या पोराने मला सांगितले की, लढाईवरून परतलेल्या माणसाचा चेहरा घरच्यांनाही परका होतो. ओळख पटते ती बशी धरण्याच्या पद्धतीवरून. ज्या नायकाचा चेहरा शंभर लढायांनंतरही जसाच्या तसा राहतो, तोच खरे म्हणजे खोटा. या हिशेबाने कूपरच्या हातात जॉनीचा जबडा रुंद झाला आणि डोळ्यांतली चमक विझली, यात त्याने ठरवून न केलेले एक सत्य उतरले होते असे म्हणावे लागेल.

घरी येऊन मी ते अंक पुन्हा काढले. चेहरा सोडून दिला आणि अंगलट पाहू लागले. वरिष्ठापुढे उभे राहताना न वाकणारा तो खांदा, कोणी अडवण्याच्या आत विमानाकडे निघालेले ते पाऊल, स्वतःपेक्षा दुबळ्या माणसापुढे एकदम नरम पडणारी ती मान : हे सारे कूपरने सांभाळले होते. कहूनची रेघ त्याला घ्यायची नव्हती, आणि घेऊ नये हेच योग्य. पण जॉनीची बशी त्याने फोडली नव्हती. एवढ्यापुरती माझी जुनी फिर्याद मी मागे घेते आणि इतक्या उशिरा का होईना, त्याला घरचा माणूस म्हणते. २०१५ साली मृत्यूने त्याला नेले.

त्याच वर्षी जॉनी रेड पुन्हा आकाशात उडाला, हा योगायोग सांगितला पाहिजे. या वेळी लेखक होता गार्थ एनिस, जो लहानपणी 'बॅटल' वाचत मोठा झाला, आणि चित्रकार कीथ बर्न्स, विमानांची चित्रे रंगवण्यात मुरलेला. म्हणजे ताट वाढायला या खेपेस जेवणाऱ्यांच्याच पंगतीतला माणूस उठला. घर चांगले चालल्याची यापेक्षा मोठी खूण कोणती?

फिर्यादीतला एक भाग मात्र मला मागे घेता येत नाही, आणि तो मागच्या रांगेचा आहे. नायकाला सवयी असतात, लकबी असतात. चेहरा बदलला तरी त्यांवरून तो सापडतो. रांगेतल्या तिसऱ्या माणसाला कथेत ना पाऊल उचलायला मिळते ना चहा प्यायला. तो एका चौकटीपुरता येतो. त्या चौकटीत त्याला माणसासारखे नाक-डोळे मिळाले नाहीत, तर तो कधी जन्मलाच नाही. म्हणून नायकाच्या बाबतीत नव्या चित्रकाराला मोकळीक असावी, पण मागच्या रांगेत मुळीच नसावी, असे माझे आता मत झाले आहे. जुन्या चित्रकाराकडून वारसा घ्यायचा तो हाच.

हे सारे मी परदेशी कथांवरून बोलते आहे, पण त्यातली गरज आपली आहे. चार्ली सोमच्या चिखलात पोचला त्याच वर्षी, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात अडकलेली इंग्रजांची फौज तुर्कांना शरण गेली. शरण गेलेली माणसे सुमारे तेरा हजार. त्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडच्या खेड्यांतून गेलेल्या त्या पोरांपैकी कोणी तरी चुकांनी भरलेली पत्रे घरी लिहिली असतील, कोणी दुसऱ्याकडून लिहवून घेतली असतील. त्यांच्यातला चार्ली कोणी काढलेला मी अजून पाहिलेला नाही.

अलीकडच्या लढायांची पुस्तके निघतात, ही समाधानाची गोष्ट आहे. अमर चित्रकथेने २०१५ साली परमवीरचक्र मिळवणाऱ्या २१ वीरांच्या कथांचे पुस्तक काढले. कामठीची मुले ते हातात घेतात तेव्हा पहिल्याने अल्बर्ट एक्कांचे पान शोधतात, कारण ते गार्ड्सचे. १४ गार्ड्सचे लान्स नायक एक्का ३ डिसेंबर १९७१च्या रात्री आगरतळ्याजवळच्या गंगासागरच्या लढाईत पुढे झाले, शत्रूच्या मशीनगन त्यांनी बंद पाडल्या आणि तेथेच पडले. जॉनी आणि चार्ली हे कल्पनेतले. त्यांच्या चेहऱ्यावर चित्रकाराचा थोडाफार हक्क चालतो. एक्कांचा चेहरा त्यांच्या घरच्यांचा आहे. अशा कथेत येणारा प्रत्येक चित्रकार पाहुणाच असतो, पहिलासुद्धा. त्याने जोडे बाहेर काढून आत यावे.

या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर मुलांच्या हाती असे एखादे पुस्तक दिलेत, तर आईबापांना माझी एक विनंती आहे. ते आधी आपण उघडावे. रणगाडे आणि विमाने मुले पाहतीलच. आपण रांगेतला तिसरा माणूस शोधावा आणि त्याला चेहरा आहे की नाही ते पाहावे. असेल तर पुस्तक निर्धास्त द्यावे, मग ते कोणीही काढलेले असो. नसेल तरीही द्यावे, पण शेजारी बसून मुलाला विचारावे की, हा कोण असेल रे, याच्या घरी कोण असेल.

सुटी लागण्यापूर्वी मी वर्गाला चित्र काढायला सांगितले. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाने जवानांची संचलनाची रांग काढली. बूट सारखे, टोप्या सारख्या, हात एका उंचीवर. पण प्रत्येकाचे नाक निराळे होते, आणि त्या नाकांवर त्याने एवढा वेळ घालवला होता की बंदुका काढायच्या राहूनच गेल्या होत्या. मी विचारले, "काहून रे, सगळ्यांची नाकं येगळी येगळी?"

तो माझ्याकडे, ही कसली मॅडम, अशा नजरेने पाहून म्हणाला, "मंग त्याची माय ओळखन कशी?"